मदत हवी आहे: बिलांच्या आतला मराठी मजकूर कशाने शोधता?

देवगडात आमचा हापूसचा धंदा. बिलं, सातबारे, सगळं विंडोजच्या एकाच कॉम्प्युटरवर. 'एव्हरीथिंग' हे फाइल शोधायचं सॉफ्टवेअर टाकलंय, नाव टाइप करता करताच फाइल समोर येते, फारच आवडलं. पण आमच्या फाइलचं नाव नुसतं 'बिल ४७', गिऱ्हाइकाचं नाव आत. आतला मजकूर शोधायला सांगितला की खूप वेळ जातो, कारण त्याचा इंडेक्स (कुठला शब्द कुठल्या फाइलमध्ये, याची सूची) आधी केलेला नसतो. ऐन सीझनमध्ये फोनवर माणूस ताटकळतो.

पीडीएफ आणि वर्डमधली देवनागरी आधीच इंडेक्स करणारं, नेटशिवाय चालणारं काही कोणी वापरतं का? (पावसात इथे नेटचा भरवसा नाही.)

आणि बाबांना आल्ट-स्पेस दाबून टॅली उघडायचंय. रॅम ४ जीबीच. असं कीबोर्डवरून प्रोग्राम उघडून देणारं कुठलं घेऊ, पॉवरटॉइज रन की फ्लो लाँचर? वापरलेल्यांनीच सांगा, प्लीज.