मदत हवी आहे: २२ महिन्यांच्या मुलाची थेरपी बंद दाराआड चालते, उरलेल्या वेळात घरी नेमके काय करावे?

नमस्कार. तपशील गाळले तर उत्तरेही मोघम येतील, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. मजकूर लांबला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझा मुलगा आज २२ महिन्यांचा आहे. त्याचा जन्म ३३ व्या आठवड्यात, म्हणजे सात आठवडे आधी झाला आणि पहिले १८ दिवस तो नवजात अतिदक्षता विभागात होता. त्यामुळे विकासाचे टप्पे मोजताना डॉक्टर त्याचे दुरुस्त वय, म्हणजे सुमारे साडेवीस महिने, धरतात. मात्र ही सवलत साधारण दोन वर्षांपर्यंतच धरायची असते, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. चालायला तो सतराव्या महिन्यात लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा नोंदलेला आहे. तेवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो आणि चालण्याच्या कौतुकात बाकीच्या गोष्टींकडे पाहायचे राहून गेले, असे आता वाटते.

अर्थपूर्ण शब्द अद्याप एकही नाही. 'बाबाबा' असे तो दिवसभर म्हणतो, पण ते त्याच्या बाबांना उद्देशून नसते. नावाने हाक मारली तर चारांतून एखाद्या वेळी वळतो. बोटाने काहीही दाखवत नाही. हवी ती गोष्ट तो कशी मागतो, हे सांगण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. आमच्याकडे साबणाचे फुगे काढायची एक लहान बाटली आहे आणि तिचे झाकण फार घट्ट बसते. ते उघडेनासे झाले की तो माझ्याकडे येतो, माझे मनगट धरतो आणि माझा हात नेऊन बरोबर झाकणावर ठेवतो. पकड, दिशा, सगळे अचूक. परंतु या साऱ्यात तो एकदाही माझ्या चेहऱ्याकडे पाहत नाही. त्या क्षणी माझा हात त्याच्या लेखी पान्यासारखे एखादे अवजार असतो.

'मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते,' असे माझ्या सासूबाई म्हणतात, आणि त्या प्रेमापोटीच म्हणतात. बालरोगतज्ज्ञांचे मत मात्र वेगळे पडले. त्यांनी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेली एम-चॅट ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता पाहणारी २० प्रश्नांची चाळणी माझ्याकडून भरून घेतली. गुण आले ५, म्हणजे मध्यम जोखमीचा गट. मग त्यांनी त्याच प्रश्नांवर सविस्तर विचारपूस केली आणि सांगितले की, ही केवळ चाळणी असून निदान नव्हे, परंतु निदान होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. विलंब दिसतो आहे तेवढ्यावर थेरपी सुरू करता येते. विकासविषयक बालरोगतज्ज्ञांची भेट तीन महिन्यांनंतरची मिळाली आहे.

आता मूळ अडचण. आम्ही आधी ज्या केंद्रात गेलो, तेथे मुलाला दहा मिनिटेही न पाहता 'सहा महिन्यांत बोलायला लावू' असे आश्वासन देण्यात आले आणि सहाही महिन्यांचे शुल्क आगाऊ मागण्यात आले. तेथून आम्ही निघून आलो. सध्याचे केंद्र बरे आहे, थेरपिस्ट मनापासून काम करतात, पण आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटांचे सत्र असते आणि ते दार लावून चालते. 'आई समोर असली की मूल सहकार्य करत नाही' असा तेथील नियम आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून आतले आवाज ऐकते, आणि सत्र संपल्यावर दारात उभ्या उभ्या 'आज छान केले, घरी भरपूर बोलत राहा' एवढे एक वाक्य हाती पडते. आठवड्याला थेरपीचा दीड तास. मूल रोज अकरा तास जागे असते असे धरले तर आठवड्याचे ७७ तास होतात. उरलेल्या साडेपंच्याहत्तर तासांत 'भरपूर बोलत राहा' म्हणजे नेमके काय करायचे? मी सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतच असते. माझा घसा बसला, परंतु त्याच्या बाजूने काही आले नाही.

सत्रांची संख्या वाढवावी की दाराच्या आत बसू देण्याचा आग्रह धरावा? आग्रह धरल्यास आपण नियम मोडू पाहणारे पालक ठरू आणि त्याचा परिणाम मुलाशी वागण्यावर होईल, ही भीती अनाठायी आहे का? प्रगती होते आहे की नाही, हे कशावरून ओळखायचे? आणि आमच्या घरात दोन भाषा बोलल्या जातात, त्यांपैकी एक बंद करा असे काहींनी सुचवले आहे. ते खरेच आवश्यक आहे का? ज्यांनी हे केले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया लिहावे. 'होईल सगळे नीट' हे ऐकून बरे वाटते, पण सध्या त्याहून अधिक काहीतरी हवे आहे.

प्रतिसाद

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुलाला न पाहता निदानाबद्दल काहीही बोलणार नाही, परंतु इतर गोष्टींवर लिहिते.

सर्वांत आधी कान. तुम्ही एवढे सविस्तर लिहिले, पण श्रवणचाचणीचा उल्लेख कोठेही नाही. जन्मानंतर ओएई, म्हणजे नवजात बाळाच्या कानांची प्राथमिक चाचणी, झाली असेल आणि ती 'पास' असेल, तरी तेवढ्यावर थांबू नका. अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळांसाठी बेरा, म्हणजे आवाज श्रवणनसेतून मेंदूकडे पोहोचतो का हे पाहणारी चाचणी, सुचवली जाते, कारण ओएई अंतःकर्णातील पेशींचा प्रतिसाद तपासते, तर त्यापुढे श्रवणनसेत बिघाड असल्यास ती निसटून जाऊ शकते. शिवाय कानाच्या पडद्यामागे पाणी साठले असेल तरीही मूल हाकेला कधी वळते, कधी वळत नाही. ही तपासणी थेरपीच्या बरोबरीने, लगेच करून घ्या.

दाराबाबत तुमचे म्हणणे योग्य आहे. काही मुले पालकांसमोर पहिली दोन-तीन सत्रे रडतात किंवा बिलगून बसतात, हे खरे. पण या वयात खरे शिकवायचे असते ते पालकांना. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात विलंब असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटींचा जो प्रशिक्षणक्रम तयार केला आहे, तोही याच विचारावर उभा आहे. तुमच्या थेरपिस्टना असे विचारून पाहा: 'शेवटची पंधरा मिनिटे मी आत येते, खेळ मी खेळते आणि तुम्ही माझे कोठे चुकते ते सांगा, चालेल का?' अशी विनंती केल्याने कोणाला राग येत असेल, तर केंद्र बदलण्याचा विचार जरूर करा. केवळ सत्रे वाढवून मात्र फारसे साधणार नाही.

आता ती फुग्यांची बाटली. घरात सरावाचे यापेक्षा चांगले साधन नाही. त्याने तुमचा हात झाकणावर ठेवला की लगेच उघडू नका. बाटली उचलून स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत धरा, त्याच्या उंचीला खाली बसा, आणि गप्प राहा. मनात पाच ते दहा आकडे मोजा. ही शांतता पाळणे पालकांना सर्वांत जड जाते. त्याने नजर वर केली, हात पुढे केला, कसलाही आवाज काढला, तर त्याच क्षणी 'उघड' असा एकच शब्द म्हणा आणि उघडा. फुगा फुटला की पुन्हा थांबा. काहीच आले नाही, तर त्याचे बोट धरून झाकणाला टेकवा, शब्द म्हणा आणि उघडा. तो रडकुंडीला येईपर्यंत ताणू नका. मोजे घालताना, अंघोळीचे पाणी ओतताना, झोका देताना हेच करता येते. दिवसभर अखंड बोलत राहिल्यास त्याला बोलायला जागाच उरत नाही, तेव्हा बोलणे कमी करा आणि थांबणे वाढवा.

प्रगती मोजण्यासाठी लेखी उद्दिष्ट मागा. 'संवाद सुधारणे' हे उद्दिष्ट झाले नाही. 'आठ आठवड्यांत, फुग्यांच्या खेळात, पाच संधींपैकी तीन वेळा आपणहून चेहऱ्याकडे पाहील' हे झाले. दोन भाषांमुळे विकासात विलंब होत नाही. ज्या भाषेत तुम्ही सहज हसता, रागावता, लाडे लाडे बोलता, ती बंद करू नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: येणारा शब्द किंवा हावभाव नाहीसा होऊ लागला, तर तीन महिन्यांच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. ओएई जन्मानंतर झाली होती आणि 'पास' होती, म्हणून तो विषय आमच्या दृष्टीने संपला होता. बेराची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.

तुम्ही दिलेले वाक्य मी सोमवारी जवळजवळ शब्दशः थेरपिस्टना विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि 'शेवटची दहा मिनिटे या' म्हणाल्या. दहा तर दहा. आत गेल्यावर समजले की, मी त्याच्या डोक्यावरून बोलते. त्याला माझा चेहरा दिसावा म्हणून मी खाली बसतच नव्हते. घरी बाटली डोळ्यांपाशी धरून मी आकडे मोजते आहे. काल संध्याकाळी सातव्या आकड्याला त्याने माझा हात सोडला आणि वर पाहिले. पुढच्या चार वेळा पाहिले नाही. पाचांपैकी एक, असे वहीत लिहिले आहे.

आता एकच विचारायचे आहे. बेरासाठी मूल झोपलेले असावे लागते असे सांगण्यात आले आहे. शक्य असेल तर गुंगीच्या औषधाशिवाय व्हावी अशी आमची इच्छा आहे. दुपारची झोप पुढे ढकलून ही चाचणी कोणी करून घेतली असेल, तर मुलाला सकाळी किती लवकर उठवले होते, हे सांगाल का?