जाणत्या खेळाडूला इंजिन काय शिकवणार?

कृष्णाकाठचा_उंट (धागाकर्ता)
रविवारी सांगलीत रेटिंग स्पर्धा होती. मी आता खेळत नाही, डाव संपला की पोरांबरोबर पुन्हा मांडून बघतो. आमच्यातला सगळ्यात तयार मुलगा, रेटिंग दोन हजारच्या पुढं, हरून बाहेर आला. स्कोअरशीट चुरगळून खिशात, आणि बसायच्या आधी वडिलांकडून मोबाइल. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, म्हणालं, एकविसाव्या खेळीला राजा कोपऱ्यात, +०.९, म्हणजे जवळपास एका प्याद्याएवढी सरशी.
"का?"
"सर, इंजिन दाखवतंय."
"अरे पण का?"
गप्प. ज्याच्याशी हरला तो मुलगा तिथंच भडंग खात उभा होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "याचा राजा माझ्या उंटाच्या तिरक्या रेषेत होता, म्हणून मधे अडकलेलं याचं एफ प्यादं हलत नव्हतं." झालं! इंजिननं उत्तर दिलं, शिकवलं त्या पोरानं. माझं म्हणणं एवढंच की तयार खेळाडू इंजिनकडून शिकत नाही, फक्त उत्तरपत्रिका तपासून घेतो. आणि हे बुद्धिबळाला वाहून घेतलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत चाललंय.

अडीच_घर
दोन हजारच्या पोराला एवढं कळू नये? हा दोष इंजिनचा नव्हे काका.
सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतो. वजीर विरुद्ध एकटा हत्ती, हा शेवट वजीरवाला जिंकतोच असं पुस्तकं सांगायची. केन थॉम्प्सन या संगणकतज्ज्ञानं त्या शेवटाची प्रत्येक स्थिती कॉम्प्युटरकडून सोडवून घेतली आणि अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊनला वजीर देऊन बसवलं. पुस्तकं म्हणायची हत्ती राजाला चिकटून ठेवा. कॉम्प्युटरनं तो लांब नेला. बरोबरी टाळायला मिळतात त्या पन्नास खेळ्यांत ब्राऊनला जिंकता आलं नाही. मग त्यानं अभ्यास केला, पुन्हा बसला आणि बरोबर पन्नासाव्या खेळीला हत्ती मारला. ग्रँडमास्टर शिकला की नाही?

कृष्णाकाठचा_उंट
त्या पोराला कळतं हो सगळं. आकडा दिसल्यावर त्यानं पटाकडं बघितलंच नाही, हीच तर तक्रार आहे.
ब्राऊनचं मान्य. पण ते चार मोहऱ्यांचं पूर्ण सोडवलेलं कोडं होतं. भरल्या पटावरचा +०.९ हा अंदाज आहे, तोही कारणाशिवाय. शिवाय ब्राऊन आकडा वाचून शिकला नाही, घरी पट मांडून घासला.

मिरज_लोकल
मग स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो प्रोग्रॅमचं काय? २०१७ मध्ये स्टॉकफिश या इंजिनशी १०० डाव, २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हार एकही नाही. त्यानं कडेचं एच प्यादं राजाच्या अंगावर ढकलत नेलेलं सगळ्यांनी बघितलं, आणि आता ग्रँडमास्टर सर्रास तेच करतात. पुढं संशोधकांनी त्याच्याच खेळातल्या कल्पना निवडून चार अव्वल ग्रँडमास्टरना दाखवल्या, नंतर तशाच स्थिती सोडवायला दिल्या. चौघांचीही उत्तरं सुधारली.

कृष्णाकाठचा_उंट
त्याच प्रयोगात ज्या शिकवता येतील अशाच कल्पना आधी गाळून घेतल्या होत्या. ती गाळणी कोणी लावली? माणसानं. म्हणजे मधे मास्तर लागलाच ना? आणि गुकेश? विष्णू प्रसन्ना यांच्याकडं शिकताना बरीच वर्षं इंजिनला हात लावला नाही, २०२४ ला अठराव्या वर्षी जगज्जेता.

अडीच_घर
बरीच वर्षं, कायमचं नाही! ग्रँडमास्टर झाल्यावर इंजिनशिवाय जगज्जेतेपदाच्या लढतीला सिंगापूरला गेला असं म्हणायचंय का? तुम्ही नवशिक्याचं औषध पैलवानाला पाजताय. मीसुद्धा ओपनिंगच्या चौदाव्या खेळीपर्यंत इंजिनचंच ऐकतो, आणि त्याची लाज वाटत नाही.

कृष्णाकाठचा_उंट
चौदावी ठीक. पंधराव्याला समोरच्यानं वेगळंच खेळलं की तुम्ही वीस मिनिटं छताकडं बघता, ते मी बघितलंय.

अडीच_घर
😄 बरोबर, गेल्या महिन्यात झालं तसं. पण हरलो नाही.

मिरज_लोकल
काका, मधला रस्ता सांगतो. हरलेल्यानं आधी स्कोअरशीटवर पेन्सिलनं लिहायचं, कुठं चुकलो आणि का. मगच मोबाइल. दोघांचं जुळलं नाही तर वाद घालायचा, अगदी इंजिनशीसुद्धा. त्याला दुसरी खेळी खेळायला लावायची, ती कुठं फसते ते बघायचं. कारण तिथं सापडतं.

कृष्णाकाठचा_उंट
हे चालेल. येत्या रविवारी करून बघतो, मोबाइल माझ्या पिशवीत.

हरलेल्याचे_बाबा
तो मुलगा आमचाच. ठेवा पिशवीत, पण त्याच्या आईचा फोन आला तर तुम्हीच उचला.