लाईट गेली, फाईल शून्य बाइटची झाली: दुरुस्ती कर्नलमधे व्हायला पाहिजे का प्रोग्राममधे?

अक्कलकोट रोड एमआयडीसी:
सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात एक कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, फाईल सिस्टीम (डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) एक्स्टफोर. कुठल्या मागावर किती सूत गेलं, कोण आलं कोण नाही, सगळं एका प्रोग्राममधे भरतो, पूर्व भागातल्याच एका पोराने करून दिलाय. परवा दुपारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच गेलेली, अन परत चालू करून बघतोय तर हजेरीची फाईल जागेवर, नाव तेच, साईज शून्य. दोन दिवसांवर पगार, एकेका कामगाराला विचारून विचारून हजेरी परत लिहून काढली, त्यात दोघांचे दिवस जुळले नाहीत ते नाहीतच. पोरगा म्हणतो सिस्टीमने फाईल खाल्ली. मला त्याचं पटतंय. नवीन लिहून झालं नसेल तर जुनं तरी राहू दे की, दोन्ही कसं जातं? हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, बग आहे आणि तिथंच दुरुस्त व्हायला पाहिजे.

होटगी रोड:
मालक, नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं पण दोष प्रोग्रामचा आहे. हे भांडण २००९ मधे होऊन गेलंय. उबंटू लिनक्सची ९.०४ आवृत्ती टेस्ट करणाऱ्यांची मशीन क्रॅश व्हायची आणि केडीई, ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाईली अशाच शून्य व्हायच्या. होतं काय, प्रोग्राम जुनी फाईल आधी रिकामी करतो आणि मग त्यात नवीन लिहितो. रिकामी केल्याची नोंद जर्नलमधे, म्हणजे फाईल सिस्टीमच्या नोंदवहीत, पाचेक सेकंदात जाते, पण नवीन मजकुराला डिस्कवर जागा द्यायचं काम एक्स्टफोर मुद्दाम उशिरा करते, त्याला डिलेड अलोकेशन म्हणतात, वेग त्यानेच मिळतो. मजकूर अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त नुसता मेमरीत असतो. तेवढ्यात लाईट गेली की संपलं. एक्स्टफोर सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी तेव्हाच सांगितलं होतं की डेटा डिस्कवर पाहिजे असेल तर एफसिंक करा, म्हणजे आत्ताच डिस्कवर लिही असं कर्नलला सांगा, पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टीमसाठी ठरलेल्या) नियमात त्याशिवाय कसलीच हमी नाही.

जुळे सोलापूर:
अर्धीच गोष्ट सांगायलाय तुम्ही. त्याच त्सोंनी नंतर पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, दिला ना? कर्नलच्या २.६.३० आवृत्तीपासून आहे. फाईल रिकामी करून लिहून बंद केली, किंवा नवीन फाईल जुनीच्या नावावर रिनेम केली, की एक्स्टफोर थांबून न राहता लगेच जागा देऊन टाकते. नियमात हमी नव्हती तरी दुरुस्ती केली कारण लोकांच्या फाईली जात होत्या. आणि प्रोग्राम लिहिणारे एफसिंक का टाळायचे ते पण सांगा की! एक्स्टफोरच्या आधीच्या एक्स्टथ्रीवर एका फाईलचा एफसिंक केला की बाकीच्या फाईलींचा साठलेला डेटा पण त्याच्याबरोबर डिस्कवर ढकलला जायचा, फायरफॉक्स ३ त्यापायी २००८ मधे लिनक्सवर अडकत अडकत चालायचा. कर्नलनेच लोकांना शिकवलं की एफसिंक महाग आहे, एक्स्टथ्रीवर तो न करता पण निभायचं, आणि मग एक्स्टफोर आल्यावर म्हणायचं तुम्ही नियम वाचला नाही. हे मला मान्य नाही.

होटगी रोड:
तो पॅच म्हणजे अंदाज आहे, हमी नाही. फाईल बंद केली किंवा रिनेम केली तरच तो लागू होतो. मालक, त्या पोराला एक विचारा, तो फाईल बंद करतो का दिवसभर उघडी ठेवतो?

अक्कलकोट रोड एमआयडीसी:
विचारलं. सकाळी उघडतो ती संध्याकाळीच बंद. दर नोंदीला आधी सगळं पुसतो, पहिल्यापासून लिहितो आणि फ्लश करतो. फ्लश केलं म्हणजे डिस्कवर गेलं असं तो समजत होता.

होटगी रोड:
तिथंच घोटाळा आहे. फ्लशने मजकूर प्रोग्रामकडून कर्नलकडे जातो, डिस्कपर्यंत नाही. आणि फाईल बंदच होत नाही तर पॅचला कळणार कसं की हजेरी लिहून झाली? मागावरचा ताण्याचा बीम संपत आला तर तुम्ही जुना ताणा आधी कापून टाकता का, नवीन धागे त्याला जोडल्यावरच काढता ना? तसंच इथं, त्याच फोल्डरमधे दुसऱ्या नावाने नवीन फाईल लिहायची, तिला एफसिंक, मग जुन्या नावावर रिनेम, आणि शेवटी फोल्डरला पण एफसिंक. लाईट कधीही जाऊ दे, जुनी तरी पूर्ण सापडेल नाहीतर नवी तरी.

विजापूर रोड:
मी डेटाबेसचं काम करतो म्हणून सांगतो, एफसिंक करा म्हटलं की विषय संपला असं नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर आधीपासून एफसिंक करायचा. २०१८ मधे लोकांच्या लक्षात आलं की डिस्कवर लिहिताना एरर आली तर कर्नल मेमरीतलं ते पान (डेटाचा तुकडा) लिहून झालंय अशी खूण करून टाकतो, एरर एकदा सांगतो, आणि दुसऱ्यांदा एफसिंक केला की यशस्वी म्हणतो. डेटा डिस्कवर नाहीच! त्याआधी २०१७ मधे ४.१३ कर्नलमधे एरर कळवायची पद्धत सुधारली होती, तरी दुसऱ्यांदा विचारून उपयोग नाही हे तसंच राहिलं. शेवटी पोस्टग्रेसनेच बदल केला, एफसिंक फेल झाला की सर्व्हर सरळ बंद पाडायचा आणि लॉगवरून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या बदलांच्या नोंदींवरून, परत उभा करायचा. नियम पाळणाऱ्यालाच जर कर्नल चुकीचं उत्तर देत असेल तर होटगी रोडवाल्यांनी सगळा भार प्रोग्रामवर टाकू नये.

होटगी रोड:
ते मान्य, पोस्टग्रेसच्या बाबतीत कर्नल चुकला. पण कर्नलमधे घाईने दुरुस्ती करा म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२३ आठवावा. कर्नलच्या ६.१.६४ आवृत्तीत एक्स्टफोरचा एक बदल नव्या कर्नलमधून या जुन्या शाखेत आणला, त्याच्या जोडीचा दुसरा बदल त्या शाखेत नव्हता, आणि डायरेक्ट आयओ (कर्नलच्या मेमरीत न साठवता थेट डिस्कवर लिहिणं) वापरणाऱ्यांचा डेटा खराब व्हायची वेळ आली. डेबियन लिनक्सवाल्यांनी त्यांची १२.३ आवृत्ती थांबवली आणि १२.४ काढली. एका कारखान्याच्या फाईलीसाठी कर्नल बदलायचा तर तो सगळ्यांच्या डिस्कवर जातो हो.

जुळे सोलापूर:
मग टेस्ट वाढवा, दुरुस्ती कशाला थांबवायची? सोलापुरात उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते ते कर्नलवाल्यांना माहीत नसेल, पण लाईट जाते हे तर माहीत आहे ना.

अक्कलकोट रोड एमआयडीसी:
पोरगा रविवारी येऊन रिनेमवालं करून देतोय, यूपीएसची बॅटरी पण उद्या बदलतो. पण माझं मत तेच आहे. त्याने फ्लश लिहिलं तेव्हा त्याला कोणीच अडवलं नाही, आणि दोन कामगारांचे दिवस मी माझ्या अंदाजाने धरून पैसे दिले.