मळभ म्हणजे नेमका कोणता ढग?

'मळभ' हे एका ढगाचं नाव नाही, आकाशाच्या अवस्थेचं आहे. ऊन नाही, उजेड फिका आणि वर सलग राखी पडदा. हा पडदा तीन वेगवेगळ्या ढगांचा असू शकतो, आणि तो कोणता हे मागच्या सूर्यावरून कळतं. सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा पुसट असेल आणि सावल्या पडत नसतील, तर तो मध्यस्तरमेघ. सूर्याची जागाही कळत नाही आणि पाऊस तासन्तास एकसारखा पडतोय, तर वर्षास्तरमेघ. पडदा अगदी खाली, फार तर भुरभुर, आणि विरळ जागी सूर्याची कड स्वच्छ दिसते, तर स्तरमेघ. तंतुस्तरमेघही आकाशभर पसरतो, पण त्याला मळभ म्हणवत नाही, कारण त्यातून सावल्या पडतात. सूर्याला किंवा चंद्राला मोठं खळं पडतं ते याच्यातल्या हिमकणांमुळे.

या नावांची घडण १८०२ सालची. लंडनच्या ल्यूक हॉवर्डने सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस ही लॅटिन नावं सुचवली. मराठीत त्यांचे तंतू, राशी आणि स्तर झाले. गोंधळ होतो तो जोडनावांत. 'मध्य' म्हणजे मध्यम आकार नव्हे, मध्यम उंची, ढोबळपणे २ ते ७ किलोमीटर. आणि तंतुराशिमेघात तंतू शोधू नयेत. तिथे 'तंतु' एवढंच सांगतो की ढग त्याहून वरच्या थरातला आहे. मला ही सगळ्यात फसवी संज्ञा वाटते.

आकाशात पुंजके पसरलेले असतील तर हात पूर्ण लांब करून बोटांनी मापावं, मात्र क्षितिजापासून बरेच वरचे पुंजके निवडावेत. पुंजका करंगळीआड लपला तर तंतुराशिमेघ, एक ते तीन बोटं भरला तर मध्यराशिमेघ, त्याहून मोठा तर स्तरराशिमेघ.

गर्जन्मेघ मात्र राशिमेघाचीच पुढची वाढ. बुड खाली, माथा १२ किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. तिथे वर चढणारी हवा अडते आणि आडवी पसरते. त्या सपाट माथ्याला ऐरण म्हणतात. 'काळा ढग' ही ओळख इथे उपयोगाची नाही. हाच ढग खालून काळाकुट्ट आणि दुरून, उन्हाच्या बाजूने, पांढराशुभ्र दिसतो.