देवीदत्त कोण? नेपाळी मार्टिनी-हेन्रीच्या दस्त्यावरची अक्षरं लागत नाहीत

सोजीरपंत

मार्टिनी-हेन्री (एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश लष्करी रायफल), मार्क चार. नेपाळहून आलेल्या मालातली, पावतीवर एवढंच लिहिलंय. उजव्या बाजूला मुकुट, व्ही. आर. (व्हिक्टोरिया राणी), एनफील्ड (कारखाना), १८८७, रोमन चार. इथवर काही अडत नाही. पुढचं सगळं देवनागरीत आहे आणि देवनागरी येत असूनही अडलंय.

१) नळीवर, ब्रीचच्या (काडतूस भरायच्या मागच्या टोकाच्या) अगदी पुढे, पोलादात: "देवीदत्त", खाली "४१७". शेवटचा आकडा १ सुद्धा असू शकेल.

२) दस्त्याच्या डाव्या गालावर, चाकूने: "वीरवहा", पुढे लाकूड झिजलेलं. त्याखाली "गोर्षा" (गोरक्षा?) आणि "१९५२".

३) त्याच्याही खाली सात खाचा.

४) उजव्या गालावर चांदणीसारखी खूण, दोन बाण टोकाला टोक लावलेले.

माझा अंदाज असा: आधी ही देवीदत्त नावाच्या शिपायाकडे होती, मग १९५२ साली दुसऱ्या कुणाकडे गेली. गोरक्षा म्हणजे काही शपथ-बिपथ असेल का? आणि सात खाचा म्हणजे सात माणसं? दस्त्यावर वाळलेल्या ग्रीसचा काळा थर आहे. तो काढला तर पुढची अक्षरं निघतील असं वाटतंय. ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणून ठेवलाय.

---

बारूदखाना

पॉलिश पेपर आधी दुसऱ्या खोलीत ठेवून या.

मग बंदूक रिकामी आहे ना ते बघा. लिव्हर पूर्ण खाली ओढली की ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) खाली जातो. चेंबरमध्ये टॉर्च मारा आणि करंगळी घालून चाचपा. मार्टिनीला बाहेर घोडा नसतो. उजवीकडचा थेंबासारखा दर्शक बंदूक कॉक (बार काढायला ताणलेली) आहे की नाही एवढंच सांगतो, आत काडतूस आहे की नाही ते सांगत नाही.

आता खुणा, उलट्या क्रमाने. चौथी खूण चांदणी नाही. एक बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. दोन बाण टोकाला टोक म्हणजे ती मालकी संपली, हत्यार सेवेतून बाहेर गेलं. शिपायाचा त्याच्याशी संबंध नाही.

देवीदत्त हा माणूसच नाही. ती पलटण आहे. नेपाळी सैन्यातल्या पलटणींची नावं अशीच असतात: श्रीनाथ, कालीबक्स, बरदबहादुर, सबुज, पुरानो गोरख, भैरवनाथ, महिन्द्रदल, देवीदत्त. आजही आहेत, नावापुढे "गण" लावतात. मराठी माणूस इथेच हमखास फसतो, कारण लिपी ओळखीची आणि श्रीनाथ, देवीदत्त ही आपल्याकडे माणसांची नावं. इंग्रज संग्राहकाला यातलं काहीच वाचता येत नाही, म्हणून तो निदान विचारतो तरी.

४१७ हा बहुधा पलटणीतला बंदुकीचा क्रमांक. बट प्लेटवर (दस्त्याच्या टोकाची धातूची पट्टी), तिच्या वरच्या जिभेवर आणि लिव्हरवर तोच आकडा आहे का ते शोधा. नळीवरचा शेवटचा आकडा पुसट असेल तर तिथे खात्री होईल. दोन ठिकाणी वेगळे आकडे आले तर सुटे भाग केव्हातरी अदलाबदल झालेत असं धरा. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून (म्हणजे शस्त्रागार, आपल्या शिलेखान्याचाच भाऊ) हजारो जुन्या बंदुका अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी उचलल्या. त्या इतकी वर्षं ढिगाने पडून होत्या आणि विकण्याआधी साफसफाई, जुळवाजुळव झाली. म्हणून लाकडावरचा मजकूर आणि नळीवरचा मजकूर एकाच माणसाचा, एकाच काळाचा असं गृहीत धरू नका. नळी एका पलटणीची आणि दस्ता दुसऱ्याच बंदुकीचा असू शकतो.

याच मालात गहेंद्र रायफलीही येतात, नेपाळचे जनरल गहेंद्र शमशेर यांनी काढलेल्या. लांबून मार्टिनीच वाटते. त्या हातघडणीच्या, एकीचा भाग दुसरीला बसत नाही, आणि उडवायच्या भानगडीत पडू नये. तुमची एनफील्डची आहे, तरी नीट तपासून घेतल्याशिवाय हिच्यातूनही बार काढू नका.

लाकडावरच्या अक्षरांचं मी सांगत नाही, लिपीवेडा येतीलच.

---

लिपीवेडा

आलो.

"वीरवहा" हे मराठी डोळ्याने वाचलंत म्हणून अडलात. जुन्या नेपाळी लिखाणात ब आणि व दोन्हींसाठी एकच अक्षर, आपला व. खरोखर व म्हणायचा असेल तर त्याखाली टिंब देत. तेव्हा तुमच्याकडे टिंब नसेल तर वाचायचं "बीरबहा", आणि पुढचं झिजलेलं "दुर" असणार. बीरबहादुर. हे मात्र माणसाचं नाव. याच नियमाने "वरदवहादुर" किंवा "सवुज" कुठे दिसलं तर चुकीचं समजू नका, त्या वर सांगितलेल्या पलटणीच.

"गोर्षा" म्हणजे गोरक्षा नाही हो! ख ऐवजी ष लिहिण्याची जुनी पद्धत. गोर्खा. आपल्याकडेही जुन्या उत्तरी पोथ्या चाळणाऱ्यांना हा ष ओळखीचा असेल. पुरानो गोरख पलटणीशी याचा संबंध असेलच असं नाही, कारण तिथे शेवटी काना नाही आणि तुमच्याकडे आहे. ठिकाणाचं नाव असण्याची शक्यता मला जास्त वाटते, नोंदवहीत "ठिकाण?" असं पेन्सिलीने लिहा, शाईने नको.

१९५२ हे इसवी सन नाही. आपल्या डोक्यात शके असतं, त्यात ७८ मिळवायचे. इथे विक्रम संवत, त्यातून ५७ वजा करायचे. नेपाळात वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या दिवसांना ५६ वजा. संवत १९५२ म्हणजे एप्रिल १८९५ ते एप्रिल १८९६. बंदूक १८८७ ची, हिशेब बसतो.

पण दर वेळी तिन्ही कालगणना लावून बघायच्या. नेपाळचे राजे पृथ्वी वीर विक्रम शाह यांच्या काळातल्या नाण्यांवर शके असे, तेव्हा नेपाळात शके कुणाला माहीत नव्हतं असं नाही. १९५२ ला शके धरलं तर २०३० साल येतं, म्हणून ते बाद. कुणाकडे १८१२ निघालं तर तो शक, म्हणजे १८९०. तोच आकडा इसवी किंवा संवत धरला तर मार्टिनी जन्मलेलीच नाही. आणि आकड्याच्या आधी सं किंवा संवत नसेल तर चार आकडी संख्या साल नसून नुसता क्रमांकही असू शकते.

आकड्यांचं वळण: ५, ८, ९ आणि अक्षरांत अ, झ, ण ही उत्तरेकडे आपल्या छापापेक्षा वेगळी काढतात. झिजलेल्या पोलादावर १ आणि ९ यांची गाठ कुठे बंद होते तेवढ्यावरच फरक उरतो. पुस्तकातला तक्ता घेऊन बसण्यापेक्षा त्याच हाताने काढलेला दुसरा आकडा शोधा. तुमच्या १९५२ मध्ये १ आणि ९ शेजारी-शेजारी आहेत, ते एकमेकांशी ताडून बघा. नळीवरचा १ त्यासाठी चालणार नाही, तो हात वेगळा.

मोडीचा इथे काही संबंध नाही, तो प्रश्न येण्याआधीच सांगून टाकतो.

---

रंधा-पटाशी

लाकूड माझ्याकडे.

पहिली गोष्ट, खूण ठोकलेली आहे की कोरलेली. ठोकलेल्या शिक्क्यात अक्रोडाचे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. कडा गोल, तळ गुळगुळीत. चाकूच्या खुणेत तंतू कापलेले, छेद इंग्रजी व्ही सारखा. दहापट भिंगाखाली लगेच कळतं. हे महत्त्वाचं अशासाठी की बरेच जण दस्त्यावरचे पोचे काढायला ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवतात. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात आणि पोच्याबरोबर सरकारी शिक्काही जातो. तुमची दोन बाणांची खूण अशीच जाईल. वाफ नको.

पॉलिश पेपरचं कारण वेगळं. झिजलेल्या अक्षराची खोली ०.२ ते ०.३ मिलिमीटर उरलेली असते. ६०० चा कागद दस्ता "नीट दिसेपर्यंत" फिरवलात की तेवढं सहज उतरतं. "वीरवहा" च्या पुढे कुणीतरी आधीच हे केलेलं असणार.

थर काढायचा तर व्हाइट स्पिरिट किंवा मिनरल टर्पेंटाइन, कानकाडीचा कापूस, आणि घासायचं नाही, कापूस लाटण्यासारखा फिरवायचा. आधी बट प्लेटजवळ नाण्याएवढ्या जागेत करून बघा. कापसावर काळं येतंय तोवर चालू; तांबूस-तपकिरी यायला लागलं की थांबा, ते जुनं तेल-फिनिश सुटतंय. अ‍ॅसिटोन, पेंट रिमूव्हर, कॉस्टिक यांतलं काही नको. अक्षरांच्या तळातला मळ राहू द्या. तोच तुमचा पुरावा आहे आणि वाचायलाही तोच मदत करतो. खिडकी उघडी ठेवा, आणि ते बोळे पाण्यात भिजवून मग फेका.

वाचण्यासाठी खोली अंधारी करा. फोन स्टँडवर, लेन्स दस्त्याला काटकोनात, फ्लॅश बंद. टॉर्च लाकडाच्या पातळीपासून १० ते १५ अंशांवर धरून आठ दिशांनी आठ फोटो, मध्ये बंदूक हलता कामा नये. एका दिशेने जी रेघ दिसते ती दुसऱ्या दिशेने गायब होते, म्हणून आठही हवेत. प्रकाश दस्त्याच्या रेषांना समांतर असेल तेव्हा लाकडाचा पोत मावळतो आणि आडवे छेद उठून दिसतात.

याच्या पुढची पायरी आरटीआय (माहितीचा अधिकार नव्हे, ही छायाचित्रणाची पद्धत आहे). चौकटीत एक चकचकीत काळी गोळी ठेवायची, टॉर्च एकाच अंतरावर ठेवून वेगवेगळ्या कोनांतून ४० ते ६० फोटो, मग संगणकावर प्रकाशाची दिशा हवी तशी फिरवता येते. सॉफ्टवेअर फुकट आहे. पण आधी आठ फोटो. त्यातच बहुतेक काम होतं.

कागद ठेवून पेन्सिल घासण्याची पद्धत ठोकलेल्या पोलादावर चालते, उथळ लाकडावर नाही. खडूची भुकटी किंवा मैदा भरू नका, अक्रोडाच्या छिद्रांत बसला की निघत नाही.

आणि एक, देवनागरी चाकूने कोरताना शिरोरेघेचा घोळ होतो. दस्त्याच्या लांबीला धरून लिहिलं की शिरोरेघ तंतूंच्या दिशेने जाते, चाकू घसरतो, रेघ शब्दाच्या बाहेर धावते. म्हणून कोरणारा ती टाळतो किंवा तुकड्यातुकड्याने देतो. उलट वाट्या आणि गाठी तंतूंना आडव्या जातात, तिथे कपची उडते आणि व चं पोट भरून तो ब झाल्यासारखा दिसतो. लिपीवेडांचा व-ब नियम लावण्याआधी पोटातली रेघ खरी कोरलेली आहे की उडालेली कपची आहे ते भिंगाने बघा.

अस्सल-नकलीचं: नव्या कोरीव कामात तळ फिकट असतो, किंवा रंग ओतून गडद केलेला असेल तर तो कोपऱ्यात साचलेला दिसतो. जुन्यात अक्षरांवरून नंतरचे ओरखडे आरपार गेलेले असतात. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च असेल तर मारा; शेलॅक (लाखेचं व्हार्निश) नारिंगी चमकतं. अक्षरांच्या आत शेलॅक नसेल आणि बाहेर असेल, तर आधी शेलॅक आणि मग अक्षर.

---

बारूदखाना

खाचांचं राहिलं. सात खाचा म्हणजे सात मुडदे ही विक्रेत्यांची लाडकी गोष्ट, किंमत वाढते. खोली सारखी, अंतर सारखं, एकाच बसणीत कापल्यासारख्या असतील तर मोजदाद नाही. मोजदाद वेगवेगळ्या दिवशी होते, चाकूची धार आणि कोन बदलतो. शेकड्याने सारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून आपली अंधारात बोटांनी ओळखता यावी, एवढंही कारण पुरतं. फिनलंडच्या मोसिन-नागां रायफलींवर गावांची, आघाड्यांची नावं आणि साल सापडतं, कारण १९४२-४३ मध्ये स्वीर नदीवरची आघाडी महिनोन्‌महिने हलली नाही आणि हाताला वेळ होता. कोरीव काम बहुतेक कंटाळ्यातून होतं, लढाईतून नाही.

---

सोजीरपंत

पॉलिश पेपर दाराच्या चौकटीला वापरला.

बट प्लेटच्या जिभेवर ४१७ स्पष्ट आहे. आठ फोटोंत, डावीकडून प्रकाश असताना, "वीरवहा" च्या पुढे उकाराची शेपटी दिसते, वरचा भाग नाही. व च्या खाली टिंब नाही, पोटात रेघही नाही. खाचांपैकी पाच सारख्या, दोन उथळ आणि तिरप्या.

१९५२ च्या अलीकडे एक अक्षर असावं अशी जागा आहे, पण दिसतंय फक्त वरचं टिंब. सं चा अनुस्वार म्हणू का?

---

लिपीवेडा

उकाराने बीरबहादुर पक्का. टिंबाचं इतक्यात नको. टिंबाखाली स च्या दांड्याचा ठसा हवाच. उभा छेद तंतूंना आडवा जातो, तो सगळ्यात शेवटी झिजतो.

---

रंधा-पटाशी

बरोबर. टॉर्च तंतूंना समांतर धरून तेवढ्याच जागेचा फोटो काढा, आणि टिंबाची कड भिंगाखाली बघा. तंतू तुटलेले असतील तर चाकूचं टोक फिरवलंय. नुसते दबलेले असतील तर शेजारच्या बंदुकीचा एखादा स्क्रू तिथे टेकून राहिला होता.