पूर अडवायचा, की कुणाच्या तरी शेतात सोडायचा? चीनच्या ह्वाय नदीबद्दल तुमचं मत काय?

गाळपेर (धागाकर्ता):

चीनमधल्या पाण्याच्या कामांचा विषय निघाला की चर्चा थेट यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणावर जाते. २२,५०० मेगावॉट वीज, १३ लाख विस्थापित, आणि मग दोन्ही बाजूंनी तेच ते मुद्दे. मला ह्वाय नदीबद्दल बोलायचं आहे. ही नदी पीत नदी आणि यांगत्से यांच्या मधून वाहते. हेनान, आन्ह्वे आणि च्यांग्सू या शेतीप्रधान प्रांतांचं जगणं तिच्यावर अवलंबून आहे.

माझं मत आधीच सांगतो. पूर नाहीसा करता येत नाही हे मान्य करायचं, त्याच्यासाठी जमीन राखून ठेवायची आणि ज्याच्या शेतात पाणी सोडलं त्याला कायद्याने भरपाई द्यायची, ही व्यवस्था ह्वाय खोऱ्यात उभी राहिली. तिथल्या सगळ्या धरणांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

या नदीची मूळ अडचण अशी की तिला स्वतःचं मुखच उरलेलं नाही. ११२८ मध्ये सोंग राजवटीच्या सैन्याने शत्रूला थोपवण्यासाठी पीत नदीचा बांध फोडला. ती दक्षिणेला सरकली आणि पुढची अनेक शतकं, १८५५ पर्यंत, ह्वायच्या खालच्या पात्रातून समुद्राला मिळत राहिली. ती परत उत्तरेला गेली तेव्हा ते पात्र गाळाने भरलेलं होतं. ह्वायचं पाणी होंगझ सरोवरात तुंबलं आणि बरंचसं यांगत्सेकडे वळलं. उतारही बघा: वरच्या ३६० किलोमीटरमध्ये नदी १७८ मीटर उतरते, मधल्या ४९० किलोमीटरमध्ये फक्त १६ मीटर. डोंगरातून पाणी धावत येतं आणि आन्ह्वेच्या सपाटीवर उभं राहतं.

१९५० च्या पुरानंतर, १४ ऑक्टोबर १९५० रोजी, नव्या कम्युनिस्ट सरकारने ह्वायचा पूर आवरण्याचा निर्णय घेतला. वरच्या हेनानला पाणी लवकर पुढे काढून द्यायचं होतं, खालच्या च्यांग्सूला ते वरच अडवून हवं होतं. ठरलं ते असं की साठवण आणि निचरा दोन्ही करायचं. लाखो शेतकरी कुदळ, कावड आणि एकचाकी गाड्या घेऊन कामावर आले. उत्तर च्यांग्सूचा १६८ किलोमीटरचा मुख्य कालवा १९५१ चा हिवाळा ते १९५२ चा उन्हाळा एवढ्या काळात खोदून झाला.

आणि १९५३ मध्ये आन्ह्वेत, नदीच्या काठी, वांगज्याबाचे पूरदरवाजे उभे राहिले. त्यांच्यामागे मंगवा हा सुमारे १८० चौरस किलोमीटरचा शेतीचा पट्टा आहे. नदी धोक्याच्या वर गेली की दरवाजे उघडतात आणि पाणी या शेतांत घेतात. लोक मातीच्या उंच भरावांवर वसवलेल्या वस्त्यांत राहतात. २० जुलै २०२० रोजी दरवाजे उघडले तेव्हा तीनेक दिवसांत ३७.५ कोटी घनमीटर पाणी आत घेतलं, आपल्या हिशेबाने १३ टीएमसीच्या आसपास. अशा पट्ट्यांसाठी २००० साली भरपाईचे नियम झाले. किती देश पुराला इतक्या स्पष्टपणे जागा देतात?

उलटधार:

गाळपेर, जागा राखून ठेवली म्हणता. कुणाची? सरकारची नव्हती ती, शेतकऱ्यांची होती.

तुम्ही ज्या नियमांचं कौतुक करताय ते नीट वाचा. पिकाची भरपाई मागच्या तीन वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नमूल्याच्या ५० ते ७० टक्के, घराची नुकसानीच्या ७० टक्के. म्हणजे उरलेला ३० ते ५० टक्के तोटा शेतकऱ्याने सोसायचा, हे कायद्यातच लिहिलं आहे. खाली बंगबूसारखी शहरं आहेत, कोळशाच्या खाणी आहेत, बीजिंग-शांघाय रेल्वे आहे. ते सगळं सुरक्षित राहावं म्हणून मंगवाचा शेतकरी स्वतःच्या खिशातून पैसे घालतो. २०२० पर्यंत १३ वेगवेगळ्या वर्षांत १६ वेळा त्याच्यावर ही पाळी आली. जिथे पुन्हा पाणी सोडणार हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे कारखाना कोण काढेल?

२०२३ च्या ऑगस्टमध्येही हेच दिसलं. बीजिंगला लागून असलेल्या हबेई प्रांतात झ्वोझोऊ शहर पाण्याखाली होतं आणि प्रांताचे पक्षसचिव सांगत होते की हबेईने राजधानीचा खंदक व्हायला हवं, म्हणजे तिच्यावरचं पाणी स्वतःवर घ्यायला हवं. लोक भडकले ते उगाच नाही.

पाटबंधारेवाला:

उलटधार, तुमचा राग मला समजतो, पण पर्याय काय ते सांगा. मंगवात पाणी घेतलं नाही तर ते गुप्त होत नाही. बांध कुठेतरी फुटतोच, आणि कुठे, कधी ते कुणाच्याच हातात नसतं. १९५४ मध्ये ह्वायच्या उत्तर काठाचा मुख्य बांध फुटला होता. ठरलेल्या जागी, माणसं हलवून, दिवसाउजेडी पाणी सोडणं आणि रात्री बेसावध गावात शिरलेलं पाणी यांत माणसांच्या जिवाचा फरक आहे. २०२० मध्ये सखल भागातली माणसं आदल्या रात्रीत हलवली, मग सकाळी दरवाजे उचलले.

भरपाई अपुरी आहे हे मान्य. ती वाढवा. त्यासाठी व्यवस्थाच मोडीत काढू नका.

तळटीप:

या धाग्यावर अजून बानच्याओचं नाव आलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. ह्वायवरची चर्चा त्याशिवाय होऊच शकत नाही.

बानच्याओ धरण ह्वायच्याच खोऱ्यातलं, हेनानमधलं, याच मोहिमेत १९५१-५२ मध्ये बांधलेलं. मातीचं. पुढे तडे गेले म्हणून सोव्हिएत सल्ल्याने मजबूत केलं आणि ते कधीच फुटणार नाही असं मानलं गेलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हेनानमध्ये निचरा मागे पडला, जिथे जमेल तिथे पाणी साठवा हे धोरण झालं. जलतज्ज्ञ चेन शिंग यांनी विरोध केला. सपाट प्रदेशात एवढं पाणी अडवलं तर जमीन पाणथळ होईल, खारवट होईल, आणि मोठ्या पावसात निचऱ्याला वाटच राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना बाजूला सारलं गेलं.

ऑगस्ट १९७५ मध्ये एक चक्रीवादळ जमिनीवर येऊन हेनानवर रेंगाळलं. लिनझ्वांगला तीन दिवसांत १,६०५ मिलिमीटर पाऊस झाला. बानच्याओची रचना हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी होती, हा त्याहून मोठा होता. फोनच्या तारा तुटल्या, निरोप पोचेनात. ८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर धरण फुटलं. शिमानतान धरणही फुटलं. लहानमोठी मिळून ६२ धरणं गेली. बुडून मेलेल्यांचा सरकारी आकडा २६ हजारांच्या आसपास आहे, नंतरची उपासमार आणि साथी धरून केलेले अंदाज पावणेदोन लाखांपर्यंत आणि त्याही पुढे जातात. झोपलेली खेडी होती ती. आणि हे सगळं देशाला कित्येक वर्षं नीट सांगितलंच गेलं नाही, मृतांची आकडेवारी २००५ पर्यंत गोपनीय होती.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा निदान चौकशी आयोग नेमला गेला, वर्तमानपत्रांतून वाद झाले. बानच्याओच्या लोकांना तेवढंही मिळालं नाही.

सातबारा:

पुरावरच बोलतोय आपण, सिंचनाचं काय? माझी सहानुभूती इथे दोन्हीकडे जाते.

आन्ह्वेत पिशिहांग नावाची सिंचन योजना आहे, १९५८ मध्ये सुरू झालेली. दाब्ये डोंगरातल्या धरणांचं पाणी टेकड्या कापून काढलेल्या कालव्यांतून खाली येतं आणि साडेसहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन भिजते. आधी तिथे दुष्काळ पाचवीला पुजलेला होता, आज भात उभा असतो. हे खोटं कसं म्हणायचं?

पण त्याच धरणांसाठी जिनझाय तालुक्यातले तीन बाजारगाव, सुमारे एक लाख मू, म्हणजे साडेसहा हजार हेक्टरांहून जास्त, उत्तम जमीन पाण्याखाली गेली आणि जवळपास एक लाख माणसं उठली. ती वर डोंगरात सरकली, जिथे पाणी चढत नाही. खालच्यांच्या शेताला पाणी आणि वरच्यांना कायमची गरिबी. आणि कालवे खोदले गेले ती वर्षं कोणती? १९५९ ते ६१ च्या दुष्काळात सगळ्यात होरपळलेल्या प्रांतांत आन्ह्वे होता. उपाशी माणसं माती वाहत होती. "लाखो शेतकरी कामावर आले" हे वाक्य मला म्हणून पुढे वाचवत नाही. त्यातल्या किती जणांना नाही म्हणता येत होतं?

गाळपेर:

तळटीप, बानच्याओबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे, आणि त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. १९५० चा निर्णय साठवण आणि निचरा दोन्हींचा होता. तो सोडून फक्त साठवणीच्या मागे लागले तेव्हा घात झाला. चेन शिंग पाण्याला वाट द्या म्हणत होते, मंगवा म्हणजे तेच.

सातबारा, १९५१ च्या हिवाळ्यात आलेली माणसं आणि १९५९ मध्ये खोदणारी माणसं यांत मी फरक करतो. पहिल्यांच्या डोळ्यांसमोर १९५० चा पूर होता. शेतं बुडाली होती, घरात दाणा नव्हता आणि कामावर धान्य मिळत होतं. ते काम त्यांच्या स्वतःच्या गावासाठी होतं. दुसऱ्यांवर वरून उद्दिष्टं लादली गेली. दोन्हींना एकाच मापाने मोजलं तर पहिल्यांच्या कष्टावर अन्याय होतो.

उलटधार:

फरक मलाही दिसतो. पण १९५१ ला मनापासून आलेल्या माणसालाही धरण कुठे बांधायचं, दरवाजे कुणाच्या शेताकडे उघडायचे हे विचारलं गेलं नव्हतं. १९७५ ची चूक तिथूनच येते. चेन शिंग यांना गप्प करता आलं कारण त्यांच्या बाजूने बोलायला गावांना तोंडच नव्हतं.

शिवाय दरवाजे फक्त पूर अडवत नाहीत. ह्वाय आणि तिच्या उपनद्यांवर हजारो दरवाजे आणि बंधारे आहेत. कोरड्या महिन्यांत ते बंद ठेवले की मागे कारखान्यांचं सांडपाणी साचतं. १९९४ च्या जुलैत ते पावसाच्या पाण्याबरोबर सोडलं गेलं, मासे मेले आणि खालच्या शहरांना पिण्याचं पाणी बंद करावं लागलं. पूर आवरला आणि नदी नासली, हा हिशेबही मांडा.

कृष्णाकाठची:

मी सांगलीकडची, दर जुलैत पाण्याची पातळी बघणारी. पाटबंधारेवाला दादा, एक सरळ प्रश्न: नदीला मुखच नाही हे मूळ दुखणं असेल तर ते का नाही दुरुस्त केलं?

पाटबंधारेवाला:

ताई, केलंय ना. होंगझ सरोवरातून थेट समुद्राकडे जाणारा पूरमार्ग १९९९ ला हाती घेतला आणि २००३ मध्ये त्याचा पहिला टप्पा झाला. त्याच वर्षी पूर आला आणि तो लगेच वापरावाही लागला. दुसऱ्या टप्प्याचं काम २०२२ मध्ये सुरू झालं. सरोवराची पातळी खाली राहिली की वरच्या सपाट पात्राचाही निचरा सुधारतो. ते काम पूर्ण होऊ द्या, मंगवावरचा भार कमी होईल.

उलटधार:

थोडा कमी होईल, संपणार नाही. तो मार्ग २००३ पासून आहे, तरी २००७ मध्ये आणि २०२० मध्ये वांगज्याबाचे दरवाजे उघडावे लागले. कारण अडचण सरोवराच्या खूप वर, त्या १६ मीटर उताराच्या पात्रात आहे, आणि तो उतार कुणीच वाढवू शकत नाही. म्हणजे मंगवाची गरज राहणार. मग माझी मागणी साधी आहे: पिकाची भरपाई शंभर टक्के, दरवाजे न उघडलेल्या वर्षीही त्या जमिनीचं भाडं, आणि ज्याला उठून दुसरीकडे जायचं आहे त्याला जमिनीसकट घर. खालच्या शहरांकडून पैसे घ्या आणि द्या. गाळपेर, एवढं झालं तर तुमच्या कौतुकात मीही सामील होईन. त्याआधी नाही.