गावचा रस्ता नक्की कोणाच्या ताब्यात? अर्ज कोणाला द्यायचा?

परळचा_चाकरमानी:
नमस्कार मंडळी, गाव कोकणात, आम्ही बरेचसे परळ-लालबागला. रविवारी मुंबई मंडळाची मीटिंग आहे आणि विषय एकच, हायवेच्या फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता. सगळ्यात वाईट हाल मोरीपाशी, मोरी मातीने पार बुजलेय त्यामुळे डोंगराचं पाणी सरळ रस्त्यावरून वाहतं, डांबर निघून खडी उघडी पडलेय, एसटी फाट्यावरच सोडते आणि म्हातारी माणसं पावसात सामान घेऊन चालत येतात. ग्रामपंचायत सांगते झेडपीचा रस्ता, झेडपीत विचारलं तर म्हणे पीडब्ल्यूडीकडे जा. गणपतीच्या आधी काहीतरी व्हायला पाहिजे. नक्की कोणाला धरायचं?

निवृत्त_शाखा_अभियंता:
आधी रस्त्याचा दर्जा आणि नंबर काढा, बाकी सगळं नंतर. १९४३ च्या नागपूर योजनेपासून रस्त्यांचे पाच वर्ग आहेत. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) पीडब्ल्यूडीकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीकडे. आता गंमत नाही सांगत, खरंच असं असतं की फाट्यापासून तिठ्यापर्यंत प्रजिमा आणि तिथून पुढे वाडीपर्यंत ग्रामीण मार्ग, म्हणजे एकाच रस्त्याचे दोन मालक, आणि मग दोघेही तुम्हाला एकमेकांकडे पाठवतात. तुमची मोरी कुठल्या तुकड्यात येते ते बघा. ग्रामपंचायतीत नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही असते, त्यातही नोंद आहे का बघून घ्या. नोंदच नसेल तर निधी मागायला अडचण येते, आधी ग्रामसभेचा ठराव करून नोंद करून घ्यावी लागेल.

भांडुपवाली_वैनी:
आमच्याकडे आमदारांना भेटून २५१५ मधून, म्हणजे सरकारच्या गावातल्या कामांच्या निधीतून काम झालं, तेच करा, लवकर होतं.

निवृत्त_शाखा_अभियंता:
वैनी, काम होतं हे खरं, पण मोरी आणि गटार तशीच ठेवून वर नुसतं कार्पेट मारलं तर पुढच्या पावसात परत तेच. पाणी जायला वाट नाही तिथे डांबर टिकत नाही, हे मी आयुष्यभर बघितलंय. आमदारांकडे जरूर जा, पण मागणीत मोरी, साईडपट्टी, गटार हे आधी लिहा आणि डांबरीकरण शेवटी. आणि मोरी साफ करायला तर मोठा निधीही लागत नाही, ते पावसाआधी बांधकाम उपविभागाकडून करून घ्या.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
अजून एक, रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर काम संपल्यावर ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. रस्त्याच्या सुरुवातीला फलक असतो त्यावर तारखा असतात, त्याचा फोटो काढून मागवा गावाहून. मुदत बाकी असेल तर मेरी सडक अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार टाका.
आपण मुंबईकर इथे चुकतो कारण शहरात झेडपीच नाही, सगळं वॉर्ड ऑफिसला सांगायची सवय. खरं तर इथेही तसं नाहीये, पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही एक्स्प्रेस हायवे २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे होते, मग पालिकेकडे आले.

परळचा_चाकरमानी:
खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच पुतण्याला फोन केला, तो उद्या पंचायतीत जाऊन नोंदवही बघतो. पण जिल्हा नियोजन समितीकडे पण अर्ज द्यायचा का?

निवृत्त_शाखा_अभियंता:
हो, तिथे पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात, ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली, म्हणजे बजेटमधल्या खात्यांखाली, जिल्ह्यातल्या रस्त्यांना पैसे तिथूनही मिळतात. पण जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात काम घ्यायचं असेल तर ते वर्ष सुरू व्हायच्या आधी, त्यामुळे या गणपतीला त्याचा उपयोग नाही. दोन अर्ज करा. एक मोरी आणि खड्ड्यांसाठी, ज्याच्या ताब्यात तुकडा आहे त्या उपअभियंत्याला, लगेच. दुसरा पूर्ण रस्त्यासाठी, ग्रामसभेच्या ठरावासकट, पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी. दोन्हीवर रस्त्याचा नंबर आणि मोरीचं ठिकाण लिहा, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिनाभर उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून काय कार्यवाही केली ते विचारा.